भाईच्या रक्तातली कावीळ

आमच्या देवगडकडे कावीळ झाली की माणूस पहिल्यांदा डॉक्टरकडे जातोच असं नाही. पंचक्रोशीत कोणीतरी औषध देणारा असतो. सकाळी अनशापोटी जायचं, पाल्याचा रस घ्यायचा, तेल-मासळी बंद करायची आणि चुन्याच्या पाण्यात हात धुताना पाणी पिवळं झालेलं बघून घरी यायचं. बरेच जण बरेही होतात, कारण दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जाते. श्रद्धा टिकते ती त्यामुळे, आणि त्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. (गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ झाली तर मात्र जिवावर बेतू शकतं. तिला तडक दवाखान्यात न्या.)

माझ्या भावाला झाली ती या जातीची नव्हती. तिच्यात डोळे पिवळे झाले नाहीत की लघवी लाल झाली नाही. भूकही चांगली लागायची. मुंबईहून आलेला रिपोर्ट आम्ही शेजारच्या काकांना सांगितला, तेव्हा त्यांनी भाईचा चेहरा उजेडाकडे फिरवला, बोटाने पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, "डोळे तर पांढरे आसत, खयची कावीळ?"

हिपॅटायटिस सी, म्हणजे सी प्रकारची कावीळ, हा असाच आजार आहे. विषाणू रक्तातून रक्तात जातो आणि यकृतात ठाण मांडतो. लागण झालेल्या 100 जणांपैकी 15 ते 45 जणांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपसूक जातो. उरलेल्यांच्या अंगात राहतो आणि त्यांना काहीच जाणवत नाही. वीसेक वर्षांत त्यांतल्या 15 ते 30 टक्के लोकांचं यकृत आक्रसून घट्ट होतं. त्याला सिरॉसिस म्हणतात. पोटात पाणी झालं किंवा रक्ताची उलटी झाली, की मग घरच्यांना कळतं.

भाईला हा विषाणू मिळाला तो औषधातून. त्याला जन्मापासून हिमोफिलिया ए आहे, तोही तीव्र. म्हणजे रक्त गोठवणारा आठव्या क्रमांकाचा फॅक्टर त्याच्या रक्तात एक टक्काही नाही. साधारण 5000 मुलग्यांमागे एकाला हा दोष असतो. आईकडून येतो, पण आईला स्वतःला बहुधा फारसा त्रास होत नाही. आमचा एक मामा लहानपणीच गेला होता. गडग्यावरून पडला, कपाळाला खोक पडली आणि रक्त थांबलंच नाही, एवढीच हकिगत आजोळी सांगत. कोणी म्हणे लागीर झालं, कोणी म्हणे देवाचं राहिलं होतं. भाई पाच वर्षांचा असताना जीभ चावली गेली आणि दोन दिवस तोंडातून रक्त येत राहिलं, तेव्हा आईला आपला भाऊ आठवला. गाऱ्हाणं घालून झाल्यावर ती मुलाला घेऊन मुंबईच्या एसटीत बसली. शहाणी होती आमची आई. तिच्यामुळे भाई आज आहे.

लोकांना वाटतं हिमोफिलियावाल्याला जखम झाली की रक्त वाहत राहतं, बस. खरा छळ असतो तो सांध्यांत, आतल्या आत. शाळेतून चालत आला की रात्री गुडघा गरम व्हायचा, सकाळपर्यंत नारळाएवढा सुजायचा. पाय सरळही होईना, दुमडूनही होईना. कोकण रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. देवगडहून निघालेली एसटी कशेडीचा घाट उतरून मुंबईला पोचेपर्यंत गुडघ्यात किती रक्त साचलेलं असायचं, याचा विचारही नको वाटतो. तिथल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात त्याला क्रायो मिळायचा.

क्रायो म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळवला की तळाशी जो साका राहतो त्यात आठवा फॅक्टर एकवटलेला असतो, हे अमेरिकेत ज्युडिथ ग्रॅहम पूल या बाईंनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं. जगभरच्या किती हिमोफिलियाच्या मुलांना या बाईंनी जगवलं! त्या पिशव्या मला अजून दिसतात. फ्रीझरमधून काढल्या की हाताला चटका बसेल इतक्या गार, आत मूठभर फिकट पिवळा बर्फ. सिस्टर त्या कोमट पाण्याच्या टबात ठेवायची. पाणी 37 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर फॅक्टर फुकट जातो. वितळल्या की लगेच एकामागून एक चढवायच्या. आता हिशोब बघा. 30 किलोच्या मुलाच्या गुडघ्यासाठी किलोमागे 20 युनिट धरले तरी 600 युनिट हवेत. एका पिशवीत 80 च्या आसपास असतात. म्हणजे एका गुडघ्याच्या एका वेळच्या सुजेला सात-आठ पिशव्या लागल्या, आणि प्रत्येक पिशवी वेगळ्या माणसाच्या रक्तातली. भाईचं सगळं लहानपण आणि तरुणपण मिळून किती माणसांचं रक्त त्याच्या अंगात गेलं असेल! मुंबईला नेण्याइतका वेळ नसे तेव्हा तर तालुक्यालाच वाडीतले बाप्ये येऊन रक्त द्यायचे. एकदा मासेमारीवरून थेट बंदरावर उतरलेले दोघे, अंगाला मीठ तसंच, खाटेवर आडवे झाले होते.

त्यांच्यापैकी कोणाच्या तरी रक्तात तो विषाणू होता. त्याला ते माहीत नव्हतं, डॉक्टरला माहीत नव्हतं, माहीत असणं शक्यच नव्हतं. रक्त घेतलेल्यांना होणाऱ्या एका कावीळीला तेव्हा शास्त्रज्ञ 'ए नाही, बी नाही' एवढंच म्हणत. हा हिपॅटायटिस सीचा विषाणू आहे हे 1989 साली समजलं. त्यासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं. त्यानंतर रक्ताची चाचणी तयार झाली. आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत ती सक्तीची व्हायला आणखी काही वर्षं गेली.

मी हे मुद्दाम मांडते आहे. श्रीमंत देशांत हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून फॅक्टरची पावडर बनवत. एका दात्याचा विषाणू सगळ्या घाण्यात उतरायचा. ब्रिटनमध्ये अशी औषधं अमेरिकेतून आली, त्यातला काही प्लाझ्मा तुरुंगातल्या कैद्यांकडून विकत घेतलेला. धोका कळल्यावरही रुग्णांना अंधारात ठेवलं गेलं. माजी न्यायाधीश सर ब्रायन लँगस्टाफ यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल मे 2024 मध्ये आला. 30,000 हून अधिक लोकांना तिथे रक्तातून आणि रक्ताच्या औषधांतून लागण झाली आणि सुमारे 3000 जण दगावले. त्या घरांचा संताप रास्त आहे, आणि त्यांना न्याय मिळायला इतकी वर्षं लागावीत हे मला सहन होत नाही. पण आमच्या घरात तसा राग कोणावर धरावा? भाईला रक्त दिलं ते वाडीतल्या माणसांनी आणि मुंबईतल्या अनोळखी लोकांनी, एक पैसा न घेता. ते रक्त नसतं तर भाई दहा वर्षांचाही झाला नसता. मला त्या प्रत्येकाचे पाय धरावेसे वाटतात, ज्याच्याकडून विषाणू आला त्याचेसुद्धा. त्या माणसाचं पुढे काय झालं असेल, हा विचारही मनात येतो. त्याला तर कोणी तपासलंही नसेल.

1996 साली भाईचा रिपोर्ट आला. एचआयव्ही नव्हता, बी नव्हता, सी होता. हिमोफिलियाच्या माणसाला सी होणं म्हणजे दुहेरी संकट. रक्त गोठवणारे बाकीचे बरेच फॅक्टर यकृतच बनवतं. ते बिघडलं की तेही कमी पडायला लागतात. प्लीहा वाढते, प्लेटलेट उतरतात, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. धडधाकट माणसालाही अशी शीर फुटली तर वाचवणं कठीण. ज्याचं रक्त मुळातच थांबत नाही त्याचं काय? यकृताचा तुकडा सुईने काढून तपासायची तेव्हा पद्धत होती. भाईला ती करायची तर आधी आणि नंतर फॅक्टर द्यायला हवा, तोही महाग. डॉक्टरांनी ती टाळली.

सीवरचं तेव्हाचं औषध, इंटरफेरॉन, सुरू झालं 2005 मध्ये. आठवड्याला एक इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली, आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. भाईच्या विषाणूचा जनुकीय प्रकार तिसरा, आपल्या देशात बहुतेकांत तोच आढळतो. त्याला 24 आठवडे पुरतील असं सांगितलं होतं. खर्च काही लाखांचा. बाबांनी पुढच्या हंगामांची कलमं कराराने दिली. आमच्या खळ्यासमोरच्या आंब्यांवर दुसऱ्याची माणसं चढलेली बघायला लागली, आणि बाबा तेवढा वेळ घरात बसून राहायचे.

ते वर्ष लोडशेडिंगचं. इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवायचं आणि वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नाही. मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणायचे. बर्फ थर्मासमध्ये घालायचा, वर टॉवेलची घडी, आणि मग इंजेक्शनचा खोका. बर्फाला थेट टेकून ठेवलं तर औषध गोठतं आणि वाया जातं, म्हणून मधली घडी पुन्हा पुन्हा चाचपून बघायची. शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन, रात्री थंडी वाजून ताप, रविवार सगळा अंथरुणात. केस विंचरताना पुंजके हातात यायचे. रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन घसरलं, इंटरफेरॉनने प्लेटलेट घसरल्या आणि नाकातून रक्त यायला लागलं. पण यापेक्षा वाईट होतं ते त्याचं गप्प होणं. भाई बोलका माणूस. दशावताराची मंडळी गावात आली की रात्रभर जागून सकाळी आम्हाला सगळी सोंगं करून दाखवणारा. तो तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. औषधानेच मन खचतं हे आम्हाला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. वहिनी रात्री त्याच्याजवळ जागत बसायची.

शेवटच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. आईने सत्यनारायण घातला. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तर तो परत आला होता.

त्यानंतर भाईने हॉस्पिटलचं नाव काढू दिलं नाही. फॅक्टर लागला तर जायचा, यकृताबद्दल कोणी विचारलं की विषय बदलायचा. मला हे मुद्दाम सांगायचं आहे, कारण त्या काळात भाजून निघालेले आणि पुन्हा न फिरकलेले लोक कोकणात अजून आहेत.

मधल्या काळात जगात फार मोठी गोष्ट झाली. सोफोसबुविर नावाच्या गोळीला डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. सीचा विषाणू आपली नक्कल काढण्यासाठी एक एंझाइम वापरतो, ते एंझाइम एकेक घटक जोडत साखळी वाढवत नेतं. सोफोसबुविर त्याला खोटा घटक पुरवतं. भिंत बांधताना गवंड्याच्या हाती भुसभुशीत चिरा गेला की वर पुढचा थर बसत नाही, तशी ती साखळी तिथेच अडते. डॅक्लाटासव्हिर हे दुसरं औषध विषाणूचं आणखी एक प्रथिन बंद पाडतं. आणि खरी सुदैवाची बाब अशी की हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीसारखा हा विषाणू पेशीच्या केंद्रकात दडून राहायची जागा करत नाही. नक्कल थांबली की तो संपतो. म्हणूनच तो पुरता बरा होऊ शकतो, आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत.

अमेरिकेत 12 आठवड्यांच्या सोफोसबुविरची किंमत होती 84,000 डॉलर. एक गोळी 1000 डॉलरची. 2014 मध्ये गिलियड कंपनीने भारतीय कंपन्यांना ती बनवायचे परवाने दिले आणि 2015 पासून 28 गोळ्यांची बाटली आपल्याकडे 20,000 रुपयांच्या आसपास मिळायला लागली. पुढे किंमत आणखी उतरली. एका गोळीला 1000 डॉलर घेणं मला आजही अमानुष वाटतं. पण हैदराबाद-मुंबईकडच्या कारखान्यांतून तीच गोळी बाहेर पडली आणि आमच्यासारख्या घरांत पोचली, याचा अभिमानही वाटतो.

2016 मध्ये वहिनीने भाईला अक्षरशः हाताला धरून नेलं. यावेळी सुई नव्हतीच. फायब्रोस्कॅन नावाचं यंत्र बरगड्यांच्या मधे टेकवतात, ते आतून हलकी टिचकी मारल्यासारखं करतं आणि लहर किती वेगाने गेली त्यावरून यकृत किती कडक झालंय ते सांगतं. भाईचा आकडा 11 च्या घरात आला. सिरॉसिस नव्हता, पण तिथून फार लांबही नव्हता. डॉक्टरांनी बीची चाचणी पुन्हा केली. सी मारताना झोपलेला बी उठू शकतो, म्हणून ती करायचीच असते. चालू असलेलं प्रत्येक औषध विचारलं. मग रोज दोन गोळ्या, एक सोफोसबुविरची आणि एक डॅक्लाटासव्हिरची, 84 दिवस. थोडं डोकं दुखायचं, थोडा थकवा. बस. रोज सकाळी पेज पिऊन झाली की गोळ्या घ्यायचा आणि बागेत जायचा. इंटरफेरॉनचं ते वर्ष आठवून वहिनी मात्र रोज संध्याकाळी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

गोळ्या संपल्यावर 12 आठवडे थांबून जी आरएनएची, म्हणजे रक्तात थेट विषाणूच शोधणारी, चाचणी करतात तीच खरी. तिच्यात विषाणू नसला तर माणूस बरा झाला असं धरतात. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. आई तेव्हा चुलीपाशी कुळथाची पिठी ढवळत होती. मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. तिने पळी तशीच हातात धरून विचारलं, "आता रगतात काय नाय मा?" एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा मोठ्याने रडताना बघितलं.

बरं झाल्यावरही काही गोष्टी तशाच राहिल्या. हिमोफिलिया आहे तो आहे, गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. आठवा फॅक्टर शरीरात बनतो तो मुख्यतः यकृतातच, आणि यकृत बदललं तर हिमोफिलियाही जातो. पण निव्वळ त्यासाठी कोणी यकृत बदलत नाही. गावातल्या लोकांना वाटलं आता भाई काठी टाकणार. त्याचा गुडघा तर केव्हाच झिजून गेला होता.

तो बदलायचं 2019 मध्ये ठरलं, आणि एका खासगी हॉस्पिटलात आमचं सामान दारातच अडलं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत सीची अँटीबॉडी पॉझिटिव्ह. मी आरएनएचा निगेटिव्ह रिपोर्ट पुढे केला, तो कोणी बघेना. अँटीबॉडी म्हणजे शरीराची त्या विषाणूची आठवण. ती आयुष्यभर रक्तात राहते, विषाणू गेला तरी. साध्या चाचणीला ती आठवण दिसते, विषाणू आहे की नाही ते दिसत नाही. हे तिथल्या माणसांना माहीत असायला हवं होतं. शेवटी दुसरीकडे ऑपरेशन झालं, फॅक्टरच्या आधाराने, आणि चांगलं झालं. बऱ्या झालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: आरएनएच्या रिपोर्टच्या प्रती काढून ठेवा, आणि साधी अँटीबॉडी चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. पण नव्याने लागण होऊ शकते, लस अजून नाही. न्हाव्याकडे ब्लेड नवीन मागून घ्या. ज्याचं यकृत आधीच बरंच कडक झालंय त्याने बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही, कारण कॅन्सरचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. भाई ती चुकवत नाही. आणि एकत्र जेवल्याने, एका तांब्याने पाणी प्यायल्याने सी होत नाही. एका लग्नात भाईला पानाऐवजी कागदी डिशमध्ये वाढलं होतं. ते आम्ही विसरलेलो नाही.

28 जुलै 2018 पासून सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बाबांनी ज्यासाठी कलमं दिली, त्याहून कितीतरी गुणकारी उपचार आता सरकारी केंद्रात फुकट मिळतो. तरीही ज्यांना जुन्या काळात क्रायो, प्लाझ्मा, रक्त चढलं, त्यांना शोधत कोणी दारात येत नाही. ज्यांना एकदा 'सी आहे, उपचार महाग आहे, त्रास फार होतो' असं सांगितलं गेलं, त्यांच्या मनात तेच वाक्य अजून बसलंय. हिमोफिलियाच्या मुलाची आता फॅक्टरसाठी सिव्हिलमध्ये नोंद असते, त्याची तपासणी होते. पन्नाशीचा जो काका काठी टेकत घरीच बसलाय, तो कोणत्या यादीत आहे?

भाई हल्ली त्यांना शोधतो. शिमग्याला, गणपतीला चाकरमानी आले की विचारतो, कोणाच्या घरात रक्त न थांबणारा कोणी आहे का, कोणाच्या भाच्याला, मामाला होता का. राजापूरकडचा एक जण असाच कळला. भाईच्याच वयाचा, दोन्ही कोपर आखडलेले. सीचा रिपोर्ट त्याने रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेला, घरात बायकोशिवाय कोणाला ठाऊक नाही. एचआयव्ही समजून लोक वाळीत टाकतील ही त्याला भीती. भाई दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा त्याने चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. दुसऱ्यांदा भाईने आपले दोन्ही रिपोर्ट, 1996 चा आणि 2016 चा, त्याच्यासमोर ठेवले आणि तिथेच दुपारचं जेवला.

परवा त्याचा फोन आला, येतो म्हणाला. येत्या मंगळवारी भाई त्याला रत्नागिरीला घेऊन जाणार आहे. आधी आरएनए करायची आहे, आणि बायकोचीही तपासणी करून घ्यायला सांगितलंय. रक्त काढल्यावर सुईच्या जागी दहा मिनिटं बोट दाबून धरायला सांग, असं मी भाईला म्हटलं. तो म्हणाला, ते त्याला माझ्याइतकंच माहीत आहे, तू एवढं बघ की माझ्या जुन्या रिपोर्टांची झेरॉक्स सोमवारपर्यंत होईल.